आधी बॉनेटला हात लावा

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका भाजी व्यापाऱ्यासोबत मी जुनी डिझेल पिकअप पाहायला गेलो होतो. पहाटे कळमन्याच्या बाजारातून माल उचलायचा आणि खरबी, वाठोड्याच्या दुकानांना पोचवायचा, हा त्याचा धंदा. दुसऱ्याच्या गाडीला रोजचे भाडे देऊन तो कंटाळला होता. विकणाऱ्याने गाडी धुऊन-पुसून, इंजिन सुरू करूनच आमची वाट पाहिली होती. आवाज एकसारखा, धूर नाही, हौद्याला ताजा रंग. सोबतच्या मिस्त्रीने पुढे होऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गाडी गरम हाये भाऊ. उद्या सकाळी येतो. तोवर चालू नका करू."

"काऊन? आता चालूच आहे तर ऐकून घ्या ना," विकणारा म्हणाला.

मिस्त्री थांबला नाही. मला मात्र तो प्रश्न घरापर्यंत पुरला. चालते इंजिन समोर असताना ते न ऐकताच माणूस परत का फिरला? उत्तर कळले तेव्हा लक्षात आले की जुनी डिझेल गाडी पारखण्याची निम्मी विद्या या एका कृतीत आहे. त्यासाठी इंजिनाच्या आत काय चालते ते थोडे समजून घ्यावे लागेल.

पंप गरम का होतो?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, हे लहानपणी आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. दांडा दाबताना आपण जे बळ लावतो, ते हवेत उष्णता होऊन उतरते. जितकी हवा कमी जागेत दाबाल, तितकी ती तापते.

डिझेल इंजिन म्हणजे असाच एक फार मजबूत पंप. पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागते, म्हणून तिथे स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतोच. पिस्टन वर जाताना सिलिंडरमधली हवा मूळ जागेच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यात कोंबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून वर तापते. नेमक्या त्याच क्षणी इंजेक्टर डिझेलचा बारीक फवारा मारतो. डिझेल सुमारे २१० अंशांना आपोआप पेट घेते, त्यामुळे फवारा तप्त हवेत शिरला की जळतो आणि पिस्टनला खाली ढकलतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. आज रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक डिझेल पिकअपच्या पोटात तेच तत्त्व आहे.

आता पंपाच्या आतला चामडी वायसर आठवा. तो सुकला, झिजला की दांडा कितीही मारा, हवा कडेने परत येते. टायर फुगत नाही आणि पंपही तापत नाही. इंजिनात या वायसरचे काम पिस्टनभोवतीच्या रिंगा करतात. रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की दाबलेली हवा निसटते. दाब कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे डिझेल पेटायला तयार नाही.

विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली की हाच दोष झाकला जातो. गरम इंजिनात धातू प्रसरण पावलेला असतो, फटी थोड्या बुजतात, भिंती तापलेल्या असल्याने हवेची उष्णता त्या खात नाहीत. थकलेले इंजिनही मग सरळ वागते. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाला ही कुठलीच मदत नसते.

पहिले अर्धे मिनिट

म्हणून गाडी पाहायला सकाळी जावे, आणि गाडी रात्रीपासून सुरू करू नका असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. गेल्यावर बॉनेट आणि रेडिएटरला हात लावून खात्री करावी. मग किल्ली फक्त एक टप्पा फिरवा. मीटरवर तेलाचा, बॅटरीचा आणि इंजिनाचा इशारा देणारे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा मुळात लागतच नसेल तर संशय घ्या. दोष दाखवणारा दिवा तोडून ठेवला की दोष दिसत नाही.

आता सेल्फ मारा आणि मनात मोजा. निरोगी इंजिन दोन-तीन सेकंदांत पकडते. वेळ लागत असेल तर सेल्फ कसा फिरतो ते ऐका. तो रेंगाळत, धापा टाकत फिरत असेल तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा सेल्फचा असतो, आणि ते काम थोडक्यात आटोपते. सेल्फ जोरात फिरतो आहे आणि तरी इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचत नाही किंवा दाब बनत नाही. दाबाचा दोष निघाला तर इंजिन उघडावे लागते.

थंड डिझेल इंजिनाची खडखड स्वाभाविक आहे. ती मिनिटा-दोन मिनिटांत मऊ होते. इंजिनाच्या तळातून येणारी जड ठक्‌ठक् रेस दिल्यावर वाढत असेल तर बेअरिंग गेलेले असू शकते. त्या गाडीवर पुढे वेळ घालवू नये, असे माझे मत आहे.

त्या दिवशीची पिकअप दुसऱ्या सकाळी सातव्या-आठव्या सेकंदाला कशीबशी सुरू झाली. मागून पांढरा धूर आला आणि डोळे चुरचुरले.

धुराचा रंग

पांढऱ्या धुराचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही दिसायला सारखेच असतात. न जळता बाहेर पडलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो आणि तो हवेत बराच वेळ रेंगाळतो. थंडीत सुरुवातीला तो थोडा येऊन थांबला तर ठीक. दुसरा प्रकार वाफेचा. थंडीच्या दिवसांत सायलेन्सरमधल्या ओलाव्याची थोडी वाफ निघतेच; पण इंजिन पूर्ण तापल्यावरही वाफ निघत राहिली, तिला गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट फुटून ते सिलिंडरमध्ये शिरते आहे.

काळा धूर म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळालेली नाही. चुलीत जास्त लाकडे कोंबली की जे होते तेच. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर तो बदलून भागते; इंजेक्टर किंवा टर्बो थकला असेल तर खिशाला मोठी झळ बसते. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचा आहे. तो थांबवायला इंजिन खोलावे लागते किंवा टर्बो उतरवावा लागतो.

तेलाचे झाकण सांगते ते

इंजिन तापले की एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा करता येते. इंजिन संथ चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण फडक्याने धरून हळूच सैल करा आणि जागेवर उलटे ठेवा. किंचित वाफ निघाली तर काळजी नाही. झाकण नाचू लागले, धूर भसाभसा आला, तर दाबलेला वायू रिंगांच्या कडेने खाली उतरून तेलाच्या टाकीत शिरतो आहे. गॅरेजच्या भाषेत इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन मारते'. पंपाच्या सुकलेल्या वायसरचा दोष इथे डोळ्यांना दिसतो. अशा इंजिनाला बोअर, पिस्टन, रिंगा असे सगळे काम निघते.

मग इंजिन बंद करून, थोड्या वेळाने तेलाची पट्टी ओढून पहा. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नका. डिझेलची काजळी तेलात मिसळतेच, नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे होते. उलट जुन्या गाडीत तेल अगदी सोनेरी दिसले तर ते कालच का बदलले, हे विचारा. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल तर इंधन कुठून तरी तेलात गळते आहे.

नागपूरचा उन्हाळा आणि हिवाळा

गाडी कोणत्या महिन्यात पाहता, यानेही फरक पडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. इंजिनात शिरणारी हवाच इतकी तापलेली असली की कमजोर दाबाचे इंजिनही सहज सुरू होते. तीच गाडी डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली उतरलेल्या पहाटे, कळमन्याला निघताना अडते. उन्हाळ्यात गाडी घेणाऱ्याने म्हणून झाकणाची परीक्षा मुळीच सोडू नये, आणि शंका असेल तर गॅरेजात प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा.

हिवाळ्यात उलट होते. तेव्हा थंड ठेवणारी यंत्रणा किती कमजोर आहे ते कळत नाही. आपल्याकडे पुष्कळ चालक रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओततात. गिझरच्या कॉइलवर जसा क्षारांचा पांढरा थर चढतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. गाडी पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून आत पहा. गरम असताना उघडले तर उकळते पाणी अंगावर येते. आत गंज, पांढरी खपली किंवा तेलाचा तवंग दिसला तर हिवाळ्यात शांत वाटणारी ती गाडी एप्रिल-मेमध्ये रस्त्यात उभी राहील.

हौद्यात काय वाहिले?

इंजिनाइतकाच वेळ मी गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाला देतो. पिकअपचे आयुष्य तिने वाहिलेल्या मालावर ठरते, आणि विकणारा सांगो न सांगो, हौदा ते सांगतो. रेती-गिट्टी वाहिलेल्या हौद्याचा पत्रा खालून पोचे पडून खोलगट होतो, फाळक्याच्या बिजागऱ्या सैल होतात. मासळी किंवा बर्फ वाहणाऱ्या गाडीत पाणी सतत झिरपून चेसीच्या कप्प्यांत गंज धरतो. बिछायत केंद्राच्या गाडीत लांब बल्ल्या आणि लोखंडी पाइप केबिनच्या मागच्या जाळीवर घासलेले असतात, पण वजन बेताचे असते आणि रोजची धाव कमी. दोन गाड्या सारख्याच जुन्या असतील तर मी बिछायतवाल्याची घेईन, रेतीवाल्याची घेणार नाही.

गाडी सपाट जागी उभी करून मागून पहा. एका बाजूला झुकली आहे का? मागच्या पाट्यांची चवड मोजा. कंपनीने दिल्यापेक्षा जादा पाटा घातलेला असेल तर गाडीने सतत मर्यादेबाहेर वजन ओढले आहे. तो भार पाट्यांपुरता थांबत नाही. चेसी, बेअरिंग, क्लच, ब्रेक सगळ्यांनी तो सोसलेला असतो. मोबाईलचा दिवा घेऊन खाली वाका आणि चेसीच्या दोन्ही पट्ट्या पुढून मागेपर्यंत नजरेने तपासा. वेल्डिंगचा सांधा, वरून जोडलेली पट्टी किंवा फक्त तेवढ्याच जागी फासलेला ताजा काळा रंग दिसला तर तिथे चेसी तडकली होती. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

टायरच्या कडेला चार अंकी आकडा कोरलेला असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०२१ची आणि टायर २०१६चे, तर ते कुठून आले हे विचारायला हवे.

पुराचे पाणी

नागपूरकराला एक तपासणी जास्त करावी लागते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचे पाणी वस्त्यांत शिरले. उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी सुकवून, चकाकवून बाजारात येऊ शकते.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी सेल्फ मारला की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याला धरणारा दांडा वाकतो. थोडा वाकला तर इंजिन चालत राहते, पण पुढे कधीतरी मोडते. वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढायला वेळ लागतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पहा. जो भाग एरवी आतच राहतो तिथे चिखलाची रेघ राहून गेलेली असते. सीटखालचे पत्रे, डॅशबोर्डच्या आतले स्क्रू आणि दिव्यांच्या काचांच्या आतली ओल हेही पहा.

मीटर आणि बीएस

मीटरवर विसंबू नका, गणित करा. रोज १०० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर धंद्याची गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर धावते. सहा वर्षांच्या गाडीवर ६०,००० दिसत असतील आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

१ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ हे धुराचे मानक लागू झाले. बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळायला तिला साडेपाचशे-सहाशे अंशांची उष्णता लागते, आणि गाडी सलग, बऱ्या वेगाने धावली तरच ती सहज मिळते. जगनाडे चौक ते वाठोडा अशा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत गाळणी तुंबते. उमरेड, काटोलकडे रोज जाणाऱ्याला हा त्रास कमी. बीएस-६ घेताना गॅरेजात स्कॅनर लावून घ्या. गाळणी काढून टाकलेली नाही ना, तेही पाहून घ्या. बीएस-४ गाडी दुरुस्तीला सोपी, पण ती आता जुनी झाली आहे. मालवाहू गाडीची पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी असते, नंतर दर वर्षी. शिवाय आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. किंमत ठरवताना हा खर्च धरा.

चालवून पाहताना

रिकाम्या पिकअपची चाचणी अपुरी असते. विकणाऱ्याच्या संमतीने पाच-सहाशे किलो माल टाका आणि सक्करदऱ्याच्या उड्डाणपुलासारख्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढवा. रेस वाढते पण वेग वाढत नसेल तर क्लच घसरतो आहे. टर्बोची शिट्टी तीक्ष्ण आणि मागून काळा धूर, तर टर्बोकडे जाणारा पाइप फुटला असेल किंवा टर्बोच थकला असेल. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का, तेही पहा.

┌ चौकट : निघण्यापूर्वी सोबत घ्या ┐
मोबाईलचा दिवा, जुने फडके, टायरची नक्षी मोजायला एक नाणे, आणि तुमच्याकडून पैसे घेणारा स्वतःचा मिस्त्री, विकणाऱ्याचा नव्हे.
पाहण्याचा क्रम : थंड इंजिन, धूर, तेल, चेसी, पाटे, वायरिंग, मग चालवणे.
चेसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर परत फिरा.
कागद जुळेपर्यंत बयाणा देऊ नका.
└──────────────────────┘

कागद

एमएच-३१ म्हणजे नागपूर शहर, एमएच-४० ग्रामीण आणि एमएच-४९ पूर्व नागपूर. क्रमांक कुठलाही असो, परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तो टाकून पासिंग, विमा, कर आणि पीयूसी कुठल्या तारखेपर्यंत आहेत ते पहा. थकलेली ई-चलने वेगळी तपासा. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो, म्हणून आरसीवरचा वजनाचा आकडा वाचा.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर 'कर्ज फिटलं आहे' या शब्दावर जाऊ नका. कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओची ना-हरकत आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा कर हिशेबात धरा.

आमच्या भाजी व्यापाऱ्याने ती धुतलेली पिकअप सोडली. दोन महिन्यांनी त्याला एका बिछायतवाल्याची गाडी मिळाली, रंग उडालेली, पण थंडीत पहिल्या सेल्फला पकडणारी. नाव बदलून घ्यायला मात्र तो टाळाटाळ करत होता, आणि हीच चूक बहुतेक जण करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून विकणारा आणि घेणारा या दोघांनाही माझी कळकळीची विनंती आहे : पैसे आणि किल्ली हातोहात दिली त्याच आठवड्यात दोघांनी मिळून आरटीओत जा, आणि आरसीवर नवे नाव चढल्याची खात्री करून घ्या.